दुसरं बोलावणं

आमच्या माडीवर जे साहेब भाड्याने राहायचे, त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. जीभच वळायची नाही. मी खालून विचारायची, “साहेब, वर नळाले पाणी आलं का?” पाणी आलेलं नसायचं. तर ते कठड्याशी येऊन म्हणायचे, “येण्याची शक्यता आहे.”

“म्हणजे आलं नाही.”

त्यावर मान जराशी कलती करून हसायचे. त्या हसण्यावरूनही काही कळायचं नाही.

मी चौथी शिकलेली. मालक रेल्वेत होते, ते गेले, मुलगी अमरावतीला दिली. धंतोलीच्या मागच्या गल्लीत घर होतं, वरची माडी रिकामी होती. तेव्हा धंतोलीत घरं होती. आता दवाखानेच दवाखाने आहेत, आणि माझ्या घराच्या जागी हाडांचा आहे. ऐंशी सालाच्या जरा आधी हे साहेब आले. आधी मला वाटलं, एकटा पुरुष, नको. पण चपला जिन्याखाली काढून वर आले आणि खाली जाताना माझ्याकडे पाठ करून गेले नाहीत, चार पायऱ्या उलट्या उतरले. पडतील म्हणून मी ओरडले. तेवढ्यावर भाडेकरू ठरले.

गल्ली त्यांना ‘फॉरेनसाहेब’ म्हणायची. जन्म नागपूरचाच, महाल या जुन्या वस्तीतला. पण तरुणपणी सरकारी नोकरीवर परदेशात गेले ते केस पिकल्यावर परत आले. आज या देशात, तीन वर्षांनी त्या देशात. काम काय, हे मी एकदा सरळ विचारलं.

ते म्हणाले, “मी तिथल्या लोकांना आपले लोक समजावून सांगत असे.”

“अन् आपल्याले?”

“आपल्याला तिथले.”

“अन् तुम्हाले कोण समजावून सांगे?”

त्यांनी मान कलती केली.

लढाया, तह असली कामं त्यांच्याकडे नव्हती. आपल्याकडची नाचगाणी तिकडे न्यायची, तिकडची चित्रं इकडे पाठवायची, दोन्हीकडच्या लोकांना एका टेबलावर बसवून जेवू घालायचं. हेच तीस वर्षं. त्यांचं ठाम मत होतं की माणसं एकत्र जेवली की निम्मे गैरसमज जातात. मी म्हटलं, “आमच्या घरी तर सगळी भांडणं जेवतानाच होत.” ते म्हणाले, “तो सुद्धा संवादच.” अशा माणसाशी काय बोलायचं?

मराठी पुस्तकातल्यासारखी बोलायचे. नागपूरचा माणूस, आणि ‘काहून’ म्हटलं की क्षणभर थांबायचे, मग आठवल्यासारखं करायचे. बोलायचे विषय तीन. हवा, जेवण आणि लेकरंबाळं. यापलीकडे जायचं नाही. कोणाच्या जातीचं, पक्षाचं, दुखण्याचं बोलायचं नाही. आता गल्लीत माणसं दुसरं बोलतात काय? मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, चिमण्या पडायच्या, आणि हे डोक्यावरची हॅट उचलून म्हणायचे, “नमस्कार. आज हवा किंचित उष्ण आहे.”

“किंचित? जाळून राहिली जी!” मी म्हणायची.

“तसंही म्हणता येईल,” ते म्हणायचे.

हॅट सगळ्यांना उचलायचे. दूधवाल्याला, कचरेवालीला, शाळेत जाणाऱ्या पोट्ट्यांना. पोट्टे मुद्दाम गल्लीला दोन फेऱ्या मारून दोनदा हॅट उचलायला लावायचे. त्यांना ते कळायचं. तरी उचलायचे.

राहायला आल्यावर आठवड्याभरात त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी भेट दिली. त्यांच्या नोकरीत तशी रीत होती, नव्या गावी गेलं की आपण आधी सगळ्यांकडे जायचं. पहिली भेट पाव तासाची. काही खायचं-प्यायचं नाही, यजमानाला त्रास द्यायचा नाही. निघताना आपल्या नावाचं कार्ड ठेवायचं, स्वतः येऊन गेल्याची खूण म्हणून एक कोपरा दुमडून. आणि मग घरी बसून वाट पाहायची, कारण आता ते लोक परत भेटीला येणार.

समोरच्या घरातली मालू संध्याकाळी तणतणत माझ्याकडे आली. मालूचा नवरा देवराव सरकारी कचेरीत होता. ती माझ्यापेक्षा लहान, जीभ मात्र माझ्याहून लांब.

“काकू, कसा माणूस ठेवला वं तुम्ही वर? मी चहा ठेवला, साखर टाकली, उकळी फुटून राहिली अन् हा उठून उभा! म्हणे, ‘आपला अमूल्य वेळ घेतला.’ अमूल्य वेळ घेतला तर चहा तं घे ना बावा! चहा टाकून माणूस गेला माझ्या दारातून. असं आजपर्यंत नाही झालं.”

“त्यांच्यात तसं असते म्हणे.”

“त्यांच्यात म्हणजे कोणाच्यात? महालातलाच होय ना तो?”

सगळ्या घरी असंच झालं होतं. उकळलेला चहा सोडून गेलेला माणूस म्हणून साहेबांची ओळख झाली. साहेब वर टेबलापाशी बसून महिनाभर वाट पाहत राहिले. संध्याकाळी कोट घालून तयार. कोणी आलं नाही. आमच्याकडे भेटीची परतफेड नसते. लागलं तर माणूस मागच्या दाराने येतो, वाटीभर साखर मागतो, तासभर बसतो.

त्यांच्या टेबलावर लाकडाची एक बारकी बैठक होती, तिला दोन भोकं. पाहुणा आला की एका भोकात आपला झेंडा लावायचा, दुसऱ्यात पाहुण्याच्या देशाचा. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा त्यांनी सवयीनं आपला झेंडा लावला आणि दुसऱ्या भोकाकडे बघत थांबले. मी म्हटलं, “मी धंतोलीची. आमचा काही वेगळा झेंडा नाही.” घाईने काढून ठेवला तो. पुन्हा कधी दिसला नाही.

जेवायचे एकटेच, पण जेवणाचा थाट पंगतीचा. स्वयंपाक स्वतः करायचे, साधा, वरण-भात-भाजी. पण पांढरा टेबलक्लॉथ, दोन चमचे, दोन काटे, मांडीवर रुमाल. मी खाली माझं ताट घेऊन बसले की वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. एकच खुर्ची. जेवण झालं की पुन्हा सरकायची. त्यावरून मला कळायचं की बरे आहेत.

आता साहेबांच्या पहिल्या जेवणाचं सांगते. तेव्हा मी नागपुरात नव्हते, मुलीच्या बाळंतपणाला अमरावतीला होते. परत आले आणि पाहते तर गल्लीतला एक माणूस साहेबांचं नाव काढत नाही आणि साहेब जिना उतरत नाहीत.

झालं होतं ते असं. भेटीला कोणी येत नाही म्हणून साहेबांनी गल्लीला जेवायला बोलावलं. छापील कार्ड, जाड कागदाचं, सोनेरी कडेचं. अमुक तारखेला रात्री आठ वाजता भोजनास यावे. स्वतः घरोघर नेऊन दिलं. सीताबर्डीवरून आचारी आणला. माझ्या अंगणात टेबलं लावली, प्रत्येक खुर्चीपुढे त्या त्या माणसाच्या नावाची चिठ्ठी. आणि आठाच्या आधीपासून काळा कोट घालून फाटकाशी उभे राहिले.

कोणी आलं नाही.

नऊ वाजता आचारी विचारायला आला, वाढू का. ते म्हणाले, थोडं थांबू या. मग कधीतरी आत जाऊन आपल्या नावाच्या खुर्चीवर बसले. आचाऱ्याने मला नंतर सांगितलं, “बाई, त्यायनं मले सगळ्या खुर्च्यांसमोर वाढाले लावलं. अन् एकटेच जेवले. मधात इकडच्या-तिकडच्या खुर्चीकडे पाहून मान हलवत. मले भेव वाटलं.”

मी मालूला गाठलं. “काहून गेली नाहीस वं जेवायले?”

“काहून जाऊ? बोलवाले आलं कोण?”

“कार्ड दिलं ना.”

“कार्ड दिलं, बरोबर. मी लुगडं बदललं, पोरायले आंघोळी घातल्या, केसात गजरा माळला, अन् बसली. यायनं तर दुपारपासून काही खाल्लं नाही.” हे म्हणजे देवराव. “नऊ वाजले, साडेनऊ वाजले, कोणी बोलवाले येईना. पोरं रडून राहिली भुकेनं. मंग सकाळच्या पोळ्या खाल्ल्या अन् झोपलो. असा अपमान करते का कोणी? आवतन द्याचं अन् बोलवाले याचंच नाही!”

माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे जेवणाचं बोलावणं दोनदा असतं. आधी आवतन. मग पानं मांडली की घरचा माणूस पुन्हा दारोदार जाऊन म्हणतो, “चला, पानं वाढली.” ते दुसरं बोलावणं आल्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही. आपल्या पायांनी आधीच जाऊन बसला तर माणूस हावरट ठरतो. साहेब फाटकाशी उभे राहून पाहुण्यांची वाट पाहत होते, आणि अख्खी गल्ली दारं लोटून, नवे कपडे घालून, उपाशी पोटी साहेबांची वाट पाहत होती. मध्ये अंतर किती, तर हाक मारली असती तर पोचली असती.

मी वर जाऊन सांगितलं. ते खुर्चीवर बसून ऐकत होते. मला वाटलं हसतील, किंवा कपाळावर हात मारतील. तसं काही नाही.

“म्हणजे ते तयार होऊन बसले होते?” त्यांनी विचारलं.

“हो तं. मालूनं गजरा माळला होता.”

“सगळे?”

“सगळे.”

“तयार होऊन,” ते म्हणाले. मग चहा केला. मला कपात ओतून दिला आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “गजरासुद्धा.” त्या माणसाला त्यातच आनंद झाला होता. मी म्हटलं, एवढं अन्न फुकट गेलं त्याचं काय? पण ते काही ऐकत नव्हते.

त्याच दिवशी त्यांनी पहिल्यांदा बायकोचं काहीतरी सांगितलं. हवा, जेवण, लेकरं सोडून चौथा विषय निघाला तो तेव्हा. बायको नागपूरचीच होती. एका थंड देशात त्यांची बदली झाली, तिथे चार-पाच महिने दारात बर्फ. बाईला सकाळी उठून दारात रांगोळी काढायची सवय. ती बर्फावर काढायची, हळद-कुंकवाने. शेजारच्या बायकांना वाटलं, कोणीतरी वांड पोरं रोज या परक्या बाईच्या दारात घाण करून जातात. त्या बिचाऱ्या सकाळी फावडी घेऊन यायच्या आणि साफ करून द्यायच्या. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. त्या पुन्हा साफ करायच्या. एकमेकींची भाषा येत नाही. हसायच्या, हातवारे करायच्या, ही त्यांना गरम काहीतरी प्यायला द्यायची.

“मग मी एकदा त्या सगळ्यांना बोलावून नीट समजावून सांगितलं,” साहेब म्हणाले. “रांगोळी म्हणजे काय, का काढतात. चित्रं दाखवली. तेच माझं काम होतं.”

“मंग?”

“मग त्यांनी कधी हात लावला नाही. रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून आदराने बघायच्या आणि जायच्या. आणि हिने काढणं बंद केलं. मी विचारलं, का? म्हणाली, आधी निदान फावडं घेऊन दारापर्यंत तरी येत होत्या.”

ती बाई पुढे तिथेच गेली. ते कसं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मुलगी एक. तिची शाळा तिकडे, लग्न तिकडे, नवराही तिकडचाच. ती ट्रंककॉल करायची कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. साहेब हॅट घालून फोन घ्यायला जायचे.

एका मे महिन्यात साहेब जिन्यात पडले. रविवारची दुपार, उन्हाचा कहर. माझा कूलर घरघरत होता, मी झोपले होते. चार वाजता चहाला उठले, मागचं दार उघडलं, तर जिन्याच्या वळणावर साहेब पडलेले, हॅट खाली अंगणात. शुद्धीवर होते. किती वेळ पडले होते कोण जाणे, ओठ कोरडे पडून फुटले होते.

देवरावांना हाक मारून त्यांना उचललं, पाणी पाजलं. मी म्हटलं, “हाक माराची होती ना! मी इथंच होते, भिंतीआड.”

“तुमची विश्रांतीची वेळ होती,” ते म्हणाले.

मी फार रागावले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण देवरावांनी मला बाजूला नेलं.

त्यांची मुलगी आली ती दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर. उंच, बापासारखीच कलती मान. मराठी समजायचं, बोलताना अडखळायची. येताना बापाचं तिकीट काढूनच आली होती. वर त्यांचं बोलणं चालायचं ते सगळं खाली ऐकू यायचं, माडीची जमीन लाकडी होती.

“बाबा, इथे तुमचं कोण आहे?”

“माणसं आहेत.”

“कोण? नावं सांगा.”

त्यांनी नावं सांगितली. मालू, देवराव, मी, कोपऱ्यावरचा औषधवाला, गल्लीतली सगळी घरं. त्यांच्या तोंडून आम्ही सगळे म्हणजे त्यांचे सख्खे असल्यासारखं वाटत होतं. मुलगी म्हणाली, “मला दाखवा. मला खरं वाटलं तर मी एकटी जाईन.”

दुसऱ्या दिवशी साहेब खाली माझ्या स्वयंपाकघराशी आले. आत कधी यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

“मला जेवण घालायचं आहे. गल्लीला. या वेळी बरोबर रीतीनं.”

“जाऊन या ना मुलीजवळ,” मी म्हटलं. “तिथं डॉक्टर आहेत, थंडी आहे, लेक आहे. इथं काय आहे? ऊन.”

त्यांनी मान कलती केली नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं. “तीस वर्षं मी प्रत्येक ठिकाणी पाहुणा होतो. चांगला पाहुणा होतो, बाई. तिथे गेलो तर मुलीच्या घरी पाहुणा म्हणून मरेन. ते मला नको आहे.”

मी पीठ मळत होते. म्हटलं, “आचारी कोणता सांगू? मागचाच का दुसरा?”

या वेळी कार्ड नव्हतं. साहेब स्वतः घरोघरी गेले. मी बजावलं होतं की चहा प्यायचा. प्यायले. सगळ्या घरी प्यायले, रात्री झोप आली नाही म्हणे. टेबलं नाहीत, खुर्च्या नाहीत, अंगणात सतरंज्या घालून पंगत. आचाऱ्याने वडाभात केला, वर हिंग-मोहरीचं तेल, पाटोडीचा रस्सा, पुडाची वडी, बुंदी. वासाने सगळी गल्ली भरली.

पानं मांडून झाली आणि साहेब दुसरं बोलावणं द्यायला निघाले. हॅट घालायला गेले, मग ठेवून दिली. मी फाटकात उभी, मुलगी माझ्या बाजूला. ते मालूच्या घरात शिरले. शिरले ते बाहेरच येईनात. भात निवायला लागला. मी गेले पाहायला. तर हे खुर्चीवर बसलेले, हात गुडघ्यांवर, आणि देवरावांना हवेचं विचारत होते! देवराव नवा सदरा घालून, भुकेने कासावीस, उत्तरं देत होते.

“साहेब!” मी दारातूनच ओरडले. “बसाचं नसते जी! दारातून म्हणाचं अन् पुढं जाचं! अशानं शेवटच्या घरी उद्या पोचाल!”

मालू तोंडाला पदर लावून हसत होती. “राहू द्या काकू, पाव तास भरू द्या त्यांचा.”

साहेब उठले. बाहेर रस्त्यावर आले आणि तिथेच मध्यावर उभे राहून, हात तोंडाशी धरून, मोठ्याने म्हणाले, “चला! पानं वाढली!” त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. आवाज फाटला शेवटी. दारं पटापट उघडली. सगळे आले. एकही घर राहिलं नाही.

जेवण चांगलं झालं. पोट्ट्यांनी पाटोडीवर हात मारला, देवरावांनी तेल पुन्हा पुन्हा मागितलं, औषधवाल्याने कोणाच्या तरी लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगितली. साहेब वाढत फिरत होते. कोट काढला होता, सदऱ्यावर रश्श्याचे डाग.

मुलगी मालूच्या शेजारी बसली होती. तिने हळूच विचारलं, “बाबा येतात तुमच्या घरी?”

“येतात ना! दर दिवाळीले. घड्याळ लावल्यावानी बसतात अन् उठतात. हवा कशी आहे विचारतात.” मालू हसली, आजूबाजूच्या बायका हसल्या. वाईट मनाने नाही. पण मुलगी हसली नाही.

माणसं पान खाऊन गेल्यावर ती माझ्याकडे आली. “लोक चांगले आहेत. पण बाबांना कोणी ओळखत नाही.”

“ओळखून काय कराचं असते?” मी म्हटलं. “बोलावलं, आले. जेवले.”

“ते आजारी पडले तर? पुन्हा पडले तर?”

“तर पडतील. मी खालीच आहे.”

तिचं समाधान झालं नाही. कसं होईल? ती बरोबरच बोलत होती. त्या गल्लीत साहेबांचा वाढदिवस कोणाला माहीत नव्हता, बायकोचं नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ती बापाजवळ गेली. ते उष्ट्या पत्रावळी गोळा करत होते, आचाऱ्याची माणसं नको नको म्हणत होती तरी.

“बाबा, मी पाहिलं. आता चला माझ्याबरोबर.”

ते पत्रावळी हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, विचार करू, शक्यता आहे, तसंही म्हणता येईल.

“नाही,” ते म्हणाले. “मी येणार नाही.”

मुलगी रडली. त्यांनी पत्रावळी खाली ठेवल्या, हात धुतले, पुसले, मग एक हात तिच्या डोक्यावर ठेवला. चार दिवसांनी ती गेली, एक तिकीट वाया घालवून.

त्यानंतर साहेब गल्लीचे झाले, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तसं काही होत नसतं. एका जेवणाने कोण कोणाचं होतं? पुन्हा तेच. ते हॅट उचलायचे, पोट्टे दोन फेऱ्या मारायचे. संध्याकाळी माडीच्या कठड्याशी कोट घालून बसायचे, रस्त्याकडे तोंड करून. देवराव कधीतरी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला वर जायचे, तर त्यांनाही पाव तासाने साहेबच उठून दारापर्यंत पोचवायला यायचे, मॅच अजून चालू असताना. देवराव जिन्यात शिव्या देत उतरायचे. हळूहळू तेही जायचे थांबले. गल्लीत टीव्ही आले, मग कोणी कोणाच्या अंगणातही येईनासं झालं. वर खुर्ची सरकायची तेवढी. सकाळी एकदा, रात्री एकदा.

मी वर जाऊन बसायची का? नाही. मला पाच घरची कामं नव्हती, पण मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. त्यांनाही सुचायचं नाही. मी खालून ओरडून विचारायची, “जेवले का?” ते म्हणायचे, “जेवण उत्तम झालं.” एवढंच. अकरा-बारा वर्षं.

थंडीच्या दिवसांत एकदा सकाळी खुर्ची वाजली नाही. मी वाट पाहिली. दूध नासलं असेल, उशिरा उठले असतील. मग वर गेले. पलंगावर झोपलेले होते, पांघरूण गळ्यापर्यंत, नीट. तोंडावर त्रास नव्हता. मी हाताला हात लावून पाहिला आणि खिडकी उघडली.

देवरावांनी औषधाच्या दुकानातून मुलीला फोन लावला. लागायला दुपार झाली. ती म्हणाली, मला पोचायला तीन दिवस लागतील, थांबू नका. ती नंतर आली, सामान लोकांना देऊन गेली, मला तो पांढरा टेबलक्लॉथ दिला. मी त्याचे पडदे केले.

अग्नी कोणी द्यायचा, यावर पुरुष थोडा वेळ बोलले. जवळचा कोणी नव्हता. मग देवरावांनीच मडकं धरलं. मोक्षधाम घाटावर गल्लीतले सगळे पुरुष गेले, औषधवाला दुकान बंद करून गेला. मी माडी धुऊन काढली. खाली आले, आंघोळ केली. संध्याकाळ झाली होती. भूक लागली होती, खोटं कशाला सांगू? सकाळपासून पोटात चहा तेवढा होता. स्टोव्ह पुढे ओढला, काकडा लावायला वाकले.

मागच्या दाराने मालू आत आली. हातात झाकलेलं ताट. मला न विचारता तिने स्टोव्ह बाजूला सरकवला आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. पिठलं आणि भाकर.

“हे काय आणलंस वं?”

“कडू घास.”

मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे आणून देतात, समोर बसून खायला लावतात. ते मला माहीत होतं. मी पण कितीदा नेला होता लोकांकडे.

“वेडी झाली का?” मी म्हटलं. “ते माझे कोण लागत होते? भाडेकरू होते.”

मालू समोर जमिनीवर बसली. तिचे डोळे सुजले होते, का ते मला कळलं नाही, तिला तर तो माणूस कधी पटला नव्हता.

“मंग कोणाच्या घरी नेऊ, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “माणूस मेला काकू. घास कोणाले तरी द्याच लागते ना.”

मी हात धुतला. भाकर मोडली. पिठलं खारट झालं होतं. मी मालूला तसं सांगितलं.

“खा चुपचाप,” ती म्हणाली.

खाल्लं. ती शेवटच्या घासापर्यंत बसून होती.